छातीत दुखणे, तीन दिवस

नोकरी धरली तर डॉक्टरांच्या पदरात काय काय पडणार, ते बायकोने आधीच मोजून ठेवलं होतं. रविवार आख्खा. दुपारचं जेवण गरम, आणि तेही बसून. बागेत फिरायला गेलं तर कुणी वाटेत अडवून जीभ बाहेर काढून दाखवणार नाही. पगार एक तारखेला, आणि पगार काही "पुढच्या खेपेला देतो हं, डॉक्टर" असं म्हणत नाही.

बावीस वर्षं फॅमिली डॉक्टरकी केलेल्या माणसाने दुसरं काय करावं, हा प्रश्न डॉक्टरांनी वर्षभर चघळला. कारखान्याच्या दवाखान्यात जागा होती, पण तिन्ही पाळ्यांची. जहाजावर होती, पण डॉक्टरांना बसमध्येही मळमळायचं. एका मोठ्या हॉस्पिटलला फोनवरून पेशंट तपासणारे हवे होते; डॉक्टर म्हणाले, हात ठेवल्याशिवाय मला पोट कळत नाही. उरली विमा कंपनी. तिथे हात फक्त कागदावर ठेवायचा होता.

"कागद निदान तोंडावर खोकत तरी नाहीत," बायको म्हणाली.

सहा महिने उमेदवारी, मग कायम. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप घातलं. पाटी तेवढी काढली नाही. पाटी काढायला शिडी लागते, असं सांगत राहिले.

काम जमलं. हॉस्पिटलांनी पाठवलेली बिलं आणि पेशंटचे जुने कागद समोर ठेवून, कुणी आधीचं दुखणं लपवून विमा काढला आहे ते हुडकायचं. बावीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेल्या माणसाला हे जड नव्हतं. विभागाच्या साहेबबाई डॉक्टरांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण खूश होत्या. "सर, तुमचं नाक तिखट आहे," म्हणायच्या. डॉक्टर घरी येऊन ते नाक बायकोला दाखवत.

पाचव्या महिन्यात एका फाइलीत त्यांना स्वतःचं अक्षर भेटलं.

फाइल त्यांच्या गल्लीतल्या पोस्टमनची होती. डॉक्टर त्याला 'पोस्टमास्तर' म्हणायचे. तो म्हणायचा, तुमच्या तोंडून तरी बढती मिळते. हृदयाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. खर्च त्याने उसनवारी करून भागवला होता आणि आता तो विम्यातून परत मागत होता. फॉर्मवर 'पूर्वी छातीत दुखण्याचा त्रास?' या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहिलं होतं. आणि कंपनीने त्याच्या ऑफिसच्या रजेच्या फाइलीतून विम्याच्या आधीचं एक सर्टिफिकेट काढून आणलं होतं: छातीत दुखणे, तीन दिवस विश्रांती आवश्यक. खाली डॉक्टरांची सही, शेपटीसकट.

छातीत काही दुखत नव्हतं. त्याच्या मुलीची मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा दुसऱ्या शहरात होती आणि वरिष्ठ रजा देत नव्हते. डॉक्टर ताप लिहायला निघाले, तेव्हा पोस्टमन म्हणाला होता, "डॉक्टरसाहेब, तापाला आमच्याकडे कुणी भीक घालत नाही. जरा वजनदार लिहा." डॉक्टरांनी वजनदार लिहिलं. अशी सर्टिफिकेटं त्यांनी किती लिहिली असतील, देव जाणे. गल्लीतली अर्धी दुखणी त्यांच्या पॅडवरच जन्मली आणि पॅडवरच बरी झाली. मुलीला ते म्हणाले होते, "पास हो आणि लवकर ये, माझं दुकान तुलाच चालवायचंय." मुलगी पासही झाली.

डॉक्टरांनी फाइल गठ्ठ्याच्या तळाशी सरकवली. तिथे ती आठवडाभर राहिली.

रविवारी, म्हणजे नोकरीने मिळवून दिलेल्या त्या आख्ख्या रविवारी, पोस्टमन घरी आला. शर्टाच्या गळ्यातून टाक्यांच्या व्रणाचं वरचं टोक दिसत होतं. डॉक्टरांनी सवयीने त्याची नाडी धरली आणि मग उगाच धरली असं वाटून सोडली.

"कंपनीचं पत्र आलंय. ते तीन दिवस अंगाशी आले हो," पोस्टमन म्हणाला. "तुम्ही दोन ओळी लिहून द्या. दुखत नव्हतं, मीच गळ घातली म्हणून दिलं. शिव्या मला बसू देत. माझ्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, काय करतील?"

डॉक्टरांचं काय करतील, हे त्याला सुचलं नव्हतं. डॉक्टरांना मात्र लगेच सुचलं. खोटं सर्टिफिकेट दिलं असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं म्हणजे उमेदवारी गेलीच, वर डॉक्टरकीचा परवानाही धोक्यात.

"ऐकलं, तुम्ही आता त्याच कंपनीत आहात," पोस्टमन पुढे म्हणाला. "मी म्हटलं, चला, आपलं माणूस आहे. फाइल कुणाच्या टेबलावर असेल हो?"

"मोठं ऑफिस आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे नाही. पण बघतो."

"बघा हं. पोरीच्या तिसऱ्या वर्षाची फी भरायचीय."

तो गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पानं वाढली. जेवण गरम होतं. डॉक्टरांनी ते गार होऊ दिलं.

सोमवारी साहेबबाईंनी गठ्ठा उपसला. "अरे, हे तर तुमचंच सर्टिफिकेट. नियमाप्रमाणे तुम्हाला खुलाशाचं पत्र पाठवायला हवं, पंधरा दिवस जातील." त्या हसल्या. "तुम्ही इथेच बसलायत, तर दोन ओळी लिहूनच टाका. निकाल मी दुसऱ्याकडून घेते. दुखत होतं ना त्याला?"

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. पोस्टमनने तर त्याचा दोषही स्वतःकडे घेऊन ठेवला होता.

"लिहिलंय तसं," डॉक्टर म्हणाले.

आणि खुलाशात लिहिलं: सही माझीच आहे. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. म्हणूनच बहुधा त्यांना त्या कागदाकडे पुन्हा बघवेना, आणि ब्लॉटिंग पेपर कधीच इतिहासजमा झाला असूनही ते बराच वेळ तळव्याने शाई टिपत राहिले.

पुढल्या महिन्यात ते कायम झाले. पोस्टमनचं घर चुकवायला भाजीसाठी लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. पोटात आग पडू लागली. त्यावरच्या गोळ्या घ्यायलाही ते मुद्दाम तीन चौक सोडून एका औषधाच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे पोस्टमनची मुलगी. अंगात पांढरा कोट, खिशावर दुकानाचं नाव.

"काका, तुम्ही इकडे कुठे?"

"सहज. तुझं कॉलेज?"

"यंदा फी नाही भरली. बघू पुढे." तिने गोळ्यांची पट्टी कापली. "बाबा नेहमी म्हणतात, डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण मोठ्या ऑफिसात एकट्याचं काय चालणार. या सकाळी उपाशीपोटी घ्या हं, काका."

बावीस वर्षं हेच वाक्य दुसऱ्यांना सांगितलेल्या माणसाने मान डोलावली.

तर जमाखर्च असा. कंपनीने काही भरलं नाही. पोस्टमनच्या वरिष्ठांना फसवून तीन दिवसांची रजा घेतली होती, त्याचा त्यांना पत्ताही नाही. डॉक्टरांना नोकरी मिळाली आणि रविवार मिळाले. ज्या परीक्षेसाठी ते सर्टिफिकेट लिहिलं गेलं, ती देणाऱ्या मुलीकडून सगळं वसूल झालं. त्या दिवशी डॉक्टरांच्या खिशातून गोळ्यांचे पैसे तेवढे गेले. तेही पुरते नाहीत, कारण तिने काकांना दुकानातल्या माणसांना मिळते ती सूट धरली.