बोरबाला आजीने चूल विझवली

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये आजोबांचा फोटो लावलाय. खाली लिहिलंय, गेर्गेय बाकोश, ज्यांनी हंगेरीहून आलेल्या कित्येक पोरक्या तरुणांना घर दिलं. घर दिलं म्हणे! घर चालवलं माझ्या बोरबाला आजीने.

ओहायोतल्या पोलाद कारखान्यामागे चार खोल्यांचं घर. त्यात आजी-आजोबा, तीन मुलं आणि अकरा भाडेकरू. दिवसपाळीचे उठले की त्यांच्याच गरम अंथरुणात रातपाळीचे झोपायचे. प्रत्येकाने आपापल्या पैशाने आणलेलं मटण वेगळं, म्हणून आजी तुकड्यातुकड्याला निराळा दोरा बांधून एकाच पातेल्यात शिजवायची. कपडे तिनेच धुवायचे, रविवारी त्यांच्या पाठीही तिनेच चोळायच्या. आजोबा पैसे गोळा करायचे आणि गावाकडे जमीन घ्यायची स्वप्नं बघायचे.

दोन वर्षांचा आंब्रुश, माझा मामा, तापाने फणफणला. अंगावर लाल पुरळ, कानातून पाणी.

आजी म्हणाली, "अहो, डॉक्टरला घेऊन या. पोर कान धरून रडतंय."

"आधी डबे भर. पाळीला उशीर झाला तर माणसं दुसरीकडे जेवायला जातील."

"जाऊ देत ना!"

"तुला काय कळतंय! पोरांना ताप येतोच."

तिने डबे भरले. त्या दिवशी भरले, दुसऱ्या दिवशीही भरले. डॉक्टर आला तेव्हा आंब्रुशचा ताप उतरणीला लागला होता. पोर वाचलं, म्हणून आजोबांनी चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

काही दिवसांनी आजी त्याला कडेवर घेऊन अंगणात कपडे वाळत घालत होती. कारखान्याचा भोंगा झाला. त्या भोंग्याला रस्त्यावरची कुत्रीसुद्धा दचकायची. आंब्रुश शांतपणे तिच्या बटणाशी खेळत राहिला. तिने त्याच्या कानाशी टाळी वाजवली. मग पातेलं वाजवलं. मग ती खाली बसली.

संध्याकाळी आजोबा आणखी दोन भाडेकरू घेऊन आले. आजीने त्यांच्यादेखत चुलीत बादलीभर पाणी ओतलं. धूर घरभर झाला.

"डोकं फिरलंय का तुझं? माणसं भुकेली आहेत!"

"असू देत. माझं पोर बहिरं झालंय. आजपासून या चुलीवर परक्याची भाकरी भाजणार नाही."

आजोबांनी हात उगारला. भाडेकऱ्यांतला वयस्कर डोमोटोर मध्ये पडला. "गेर्गेय, हात खाली घे. वहिनी, आम्ही आमची सोय बघतो."

आठवडाभरात सगळे गेले. आजी धोबीखान्यात कामाला लागली. गावाकडची जमीन राहूनच गेली. आजोबा दारूच्या गुत्त्यात सांगत सुटायचे, "बायकोने माझं वाटोळं केलं." आणि ती बाप्येमंडळी मान डोलवायची! माझ्या मामाच्या कानांबद्दल एकानेही तोंडातून ब्र काढला नाही.

म्हातारपणी आजोबा आंब्रुशमामाशी बोलताना मोठमोठ्याने ओरडायचे. आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, "आता ओरडून काय उपयोग? तेव्हा डॉक्टरला हाक मारायची होती." आजोबा टोपी उचलून बाहेर पडायचे.

त्यांना मातीत ठेवून आलो, त्या दिवशी मी आजीला विचारलं, "आजी, माफ केलंस का गं त्यांना?"

"नाही," ती म्हणाली, आणि मामाच्या ताटात अजून एक डाव कोबी घातला.