डोळे तपासणारी

"वन्सं, हे घ्या ब्लेड. नवं कोरं आहे," म्हणत माझ्या भावजयीनं, दोनेनं, कागदाची पुडी माझ्या हातात ठेवली.

भोवती सात-आठ माणसं चहाचे पेले घेऊन उभी होती. आठ दिवसांपूर्वीच्या गोठवणाऱ्या दहिवरानं सगळ्या गावाचा जर्दाळूचा फुलोरा जळून विटकरी झाला होता. पेंढा पेटवला, टायर जाळले, काही उपयोग झाला नाही. माझ्या धाकट्या भावाची, सेयफीची बाग तेवढी पांढरीशुभ्र. त्याची जात उशिरा फुलणारी, त्या थंडीत ती अजून कळीत होती. दृष्ट लागू नये म्हणून दोनेनं पहिल्याच झाडाला निळा मणी बांधला होता.

"सेयफ्या, बापाची झाडं तोडलीस तेव्हा तुला गाढव म्हणालो होतो," दुर्मुश काका म्हणाले. "गाढव मीच. उद्याच करवत लावतो माझ्या झाडांना. उन्हाळ्यात तुझ्याकडचे डोळे घेऊन कलम भरीन, देशील ना?"

जर्दाळूच्या कळीला आमच्याकडे डोळाच म्हणतात.

"माझं कसलं डोकं काका! आक्का म्हणाली, मी केलं," सेयफी म्हणाला. "मालत्या शहरातल्या फळ-संशोधन केंद्रात हेच करण्यात हयात गेली तिची. फांद्या बर्फाच्या कपाटात घालायच्या, मग एकेक डोळा मधोमध चिरायचा. पोटातली काडी हिरवी असली तर जिवंत, काळी असली तर मेला. बाकीच्यांना भिंग लागतं, आक्काला नाही!"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला.

भिंग लागत नाही, ही माझी केंद्रातली एकुलती एक ऐट. डिग्री नाही, हुद्दा नाही, पण पाहुणे आले की साहेब मला पुढे करायचे, "ही आमची नाझमिये, हिची नजर पाहा." मग सहा वर्षांपूर्वी कळीतली काडी धूसर दिसायला लागली. चाळिशी लागायचं वय झालं होतं, मी ती लावली नाही, एवढंच. अंदाजानं 'हिरवा' म्हणत गेले. त्या हिवाळ्यात या जातीचे जवळजवळ सगळे डोळे मी जिवंत ठरवले. साहेब म्हणाले, अजून दोन वर्षं तपासू. मला कुठला धीर! भावाचं भलं करायला निघाले होते मी. रोपं गावात पोचती केली आणि त्याच्याकडून वडिलांची झाडं तोडवली.

पुढच्याच वर्षी भिंगातून बघणाऱ्या एका नव्या मुलीनं त्याच जातीचे निम्म्याहून जास्त डोळे काळे काढले. मी म्हटलं, तिचा हात कच्चा आहे. घरी जाऊन रडले, पण सेयफीला फोन केला नाही. पाच वर्षं केला नाही.

"बघ ना आक्का. एकदा सांगून टाक यांना," सेयफी म्हणाला.

मी फूल खुडून चिरलं. पाकळ्या ताज्या, मधमाशी नुकतीच उठून गेलेली. मधे काय होतं, ते काही दिसेना. हिरवं म्हणून मोकळी झाले असते. पण काकांची करवत उद्याच चालणार होती.

मी पिशवीतून चष्मा काढला. गेल्या महिन्यात घेतला होता आणि केंद्रातही अजून कुणाला दाखवला नव्हता. तो डोळ्यांवर चढवला. काडी दिसली. काळी, मिरीच्या देठासारखी. दुसरं फूल चिरलं, तिसरं चिरलं, दहा चिरली.

"मेलेत," मी म्हणाले. "पाकळ्या तेवढ्या उघडल्यात. फळ धरायचं नाही. काका, करवत लावू नका."

कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"थंडीच तशी होती," सेयफी घाईघाईनं म्हणाला. "नाहीतर ते कपाटच चुकलं असेल. यंत्रच ते. आक्काचा काय दोष?"

माझी बाजू घेत होता वेडा. तेवढंच सोसवेना.

"कपाट बरोबर होतं. मला दिसत नव्हतं, सेयफी. मी सांगितलं नाही."

त्यानं चष्म्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झाडं तोडली तेव्हा?"

"तेव्हाही."

दोने मान वळवून निळ्या मण्याकडे बघत राहिली. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माणसं एकेक करून कुंपणाबाहेर गेली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सेयफी पुढच्या झाडाशी गेला. मग म्हणाला, "बाकीची झाडं बघ. आता दिसतंय ना?"

रांगेनं निघालो. वरच्या फुलांना माझा हात पोचत नव्हता. मी "काळा" म्हणायची, आणि तो पुढची फांदी माझ्यासाठी वाकवून धरायचा.