पाठ नसलेली मांडणी

मित्रांनो, मी एक जुनी मांडणी आहे. लाकडाची, पाच कप्प्यांची. उभं राहणं हेच माझं काम, त्यामुळे दमले म्हणायची मला सोय नाही; पण खरं सांगायचं तर दमले आहे. माझ्या अंगावर रंगाचे इतके थर चढले आहेत की मूळचं लाकूड कसं दिसायचं हे आता मलाच नीट आठवत नाही.

सुताराने मला बनवलं ते चपला-बुटांच्या दुकानासाठी. माझी पाठ प्लायवूडची होती, एकसंध आणि ताठ. गिऱ्हाईक समोर बसलं की दुकानदार मागे न बघता नुसता हात लांब करायचा आणि हव्या त्या मापाचं खोकं माझ्या कप्प्यातून बरोबर काढायचा. "ही आहे म्हणून माझं दुकान आहे," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. ते ऐकून खोक्यांचं ओझं मला हलकं वाटायचं. पुढे दुकान त्याच्या मुलाच्या हाती गेलं. त्याने काचेच्या फळ्या आणल्या, त्यात दिवे लावले आणि मला मागच्या बोळात नेऊन ठेवलं. तिथे गळकी बादली, झिजलेला झाडू आणि मी अशी आमची सोबत होती. ओलीने माझे पाय फुगले. माझ्याकडे कुणी बघेना.

एके दिवशी एक बस ड्रायव्हर बूट घ्यायला आला. हात धुवायला म्हणून तो बोळात आला आणि त्याने माझ्या फळीवर बोटाची टिचकी मारली. लाकूड अजून चांगलं आहे, घरी लेकीला उपयोगी पडेल, असं तो दुकानदाराच्या मुलाला म्हणाला. संध्याकाळी ओळखीच्या टेम्पोतून मी त्याच्या घरी पोहोचले.

घर तळमजल्यावरचं. आत स्वयंपाकघर, नवराबायकोची झोपायची खोली आणि पुढे ही बैठकीची खोली. बैठकीची म्हणायची, पण ती एवढीशी की दार उघडलं की ते थेट सोफ्याच्या हाताला आपटायचं आणि पाहुण्याला अंग चोरून आत यावं लागायचं. ड्रायव्हरची लेक याच खोलीत दिवाणावर झोपायची. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. खिडक्यांची मापं घ्यायची, कापड बेतायचं. घरी आली की तिचे हात स्वस्थ बसत नसत. म्हणून बाप तिला लाडाने 'मिस्त्री' म्हणायचा आणि मग सगळेच तिला तसं म्हणू लागले.

मिस्त्रीने ती खोली अशी काही सुटसुटीत केली की बघत राहावं. तिने सोफ्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे दिले आणि खाली चाकांची खोकी सरकवली. त्यांत पांघरुणं गेली. भिंतीला बिजागऱ्या लावून एक फळी बसवली. जेवताना उघडायची, एरवी मिटायची. दाराच्या मागे कापडी कप्पे शिवून टांगले आणि चपला जमिनीवरून उठल्या. खिडकीसमोर आरसा लावला, तशी खोली दुपटीने मोठी वाटू लागली. मला तिने घासून घासून हिरवट रंग दिला. माझ्या कप्प्यांत पडद्यांच्या उरलेल्या कापडाने मढवलेले डबे ओळीने बसले. मिस्त्रीची आई आधी पुटपुटायची, की घर आहे की कारखाना; पण शेजारीण बघायला आली तेव्हा तीच एकेक गोष्ट उघडमीट करून दाखवत होती.

मग आत्या आल्या. ड्रायव्हरची थोरली बहीण. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात गेलं होतं. कानाला यंत्र लावून याचा फोन त्याला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. ड्रायव्हर जाऊन त्यांना घेऊन आला. "ताई, आता इथंच," एवढंच तो म्हणाला.

इथंच म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. मिस्त्रीने आपला दिवाण आत्यांना दिला आणि स्वतःची गादी स्वयंपाकघरात नेली. पण येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर आत्यांनी सारखं पडून राहायचं कसं? त्यांनाच अवघडल्यासारखं होईल, असं आईला वाटत होतं. मिस्त्रीने बरेच दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी तिची नजर माझ्यावर पडली.

भिंतीजवळून ओढून तिने मला खोलीच्या मधोमध आडवं उभं केलं. पुढे सोफा, मागे आत्यांचा दिवाण. माझ्या प्लायवूडच्या उघड्या पाठीवर तिने जाड कापड ताणून बसवलं, त्यावर चष्म्यासाठी, औषधांसाठी, रेडिओसाठी खिसे शिवले. एक छोटा दिवा लावला, काठी अडकवायला खुंटी ठोकली. काम चाललं होतं तेव्हा ती शीळ घालत होती. इतकं मन लावून कुणी माझ्यासाठी काही केलं नव्हतं. ज्याने त्याने कौतुक केलं. आत्यांनीही कापडावरून हात फिरवला आणि छान आहे म्हणाल्या.

मित्रांनो, त्या घरात दोन्ही बाजू एकदम दिसायच्या त्या फक्त मला. पुढे पाहुणे आले की आधी हसणं-बोलणं व्हायचं, मग कुणीतरी विचारायचं, ताई कशा आहेत? आई हनुवटीने माझ्याकडे खूण करायची आणि सगळे आवाज खाली यायचे. पलीकडे आत्या जाग्याच असायच्या. कोण आलंय, काय बोलतंय, हे त्या ऐकत राहायच्या. कधीकधी माझ्या पाठीवर बोटं टेकवायच्या. त्या आल्या तेव्हा बोलक्या होत्या. खात्यातल्या गमती सांगून भावजयीला हसवायच्या. हळूहळू गप्प झाल्या. आईने "वन्सं, बाहेर बसता का जरा?" असं विचारलं तर म्हणायच्या, इथं बरी आहे.

एका दुपारी पडद्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई घर बघायला आल्या. मिस्त्रीच्या हाताबद्दल त्यांनी ऐकलं होतं. दुकानाची दर्शनी खिडकी सजवायचं काम तिला द्यावं आणि या खोलीचे फोटो तिथे लावावेत, असं त्यांच्या मनात होतं. मिस्त्रीचा चेहरा उजळला होता. बाई सगळ्यांत जास्त रेंगाळल्या त्या माझ्यासमोर. एवढ्याशा जागेत दोन खोल्या केल्यास, आणि मागे माणूस आहे हे कळतसुद्धा नाही, असं त्या म्हणाल्या.

त्याच वेळी मागे आत्या उठायला गेल्या, पाय सरकला आणि त्या दिवाणाच्या कडेने घसरत खाली जमिनीवर बसल्या. आवाज झाला नाही. मी सगळं पाहत होते आणि मला हाक मारता येत नव्हती. आत्यांनी दिवाणाची कड धरून बघितली, जमेना. मग त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि माझ्या पाठीला डोकं टेकून तशाच बसून राहिल्या. पुढे चहा झाला, मापं झाली, फोटो कधी काढायचे ते ठरलं. बाई गेल्या.

मिस्त्री चहाचा कप घेऊन मागे आली. कप खाली ठेवायचंही तिला सुचेना. आईला हाक मारून दोघींनी आत्यांना उचलून वर बसवलं. हाड शाबूत होतं. आई पाय चोळत बसली. मिस्त्री रडकुंडीला आली होती.

"हाक का नाही मारलीस, आत्या?"

"तुझे पाहुणे होते."

"म्हणून काय झालं? हाक तरी मारायची."

आत्यांनी विस्कटलेलं पातळ सारखं केलं. मग शांतपणे म्हणाल्या, "आयुष्यभर मी आवाज ऐकले, मिस्त्री. तोंडं कधी दिसली नाहीत. मला वाटलं, आता भावाच्या घरी तरी माणसं दिसतील."

आईचा चोळणारा हात थांबला. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "वन्सं, मीच म्हटलं होतं आडोसा हवा. तुम्हाला विचारायला हवं होतं."

आत्यांना आईने आत नेलं, तेव्हा मिस्त्री दिवाणावर आडवी झाली आणि तिने आत्यांच्या उशीवर डोकं ठेवलं. तिथून तिला काय दिसलं ते मी सांगू शकते: मी दिसले. ताणलेलं कापड, खिसे, औषधांच्या पट्ट्या, आणि दुसरं काहीही नाही. ती बराच वेळ तशीच पडून होती. मग उठली आणि पेचकस, करवत घेऊन आली.

तिने आधी कापड सोडवलं. मग आत्यांना परत आणून उशीवर नीट टेकवलं आणि विचारलं, कुठून कुठपर्यंत? आत्या बोटाने दाखवत गेल्या आणि ती पेन्सिलने रेघ मारत गेली. दार दिसायला हवं होतं, सोफ्याची निम्मी बाजू आणि खिडकीतला रस्त्याचा तुकडा. मधल्या दोन कप्प्यांमागचं प्लायवूड करवतीने कापलं गेलं. दुखलं का म्हणून विचाराल, तर हो, दुखलं. त्या कप्प्यांतले सजवलेले डबे तिने उचलले आणि पुन्हा तिथे ठेवले नाहीत. दिवेलागणीच्या वेळी ड्रायव्हर कामावरून आला. अंग चोरून दारातून आत येतो तोच माझ्या पोटातून आवाज आला, "टोपी वाकडी आहे तुझी." तो दचकला आणि मग तिथेच उभ्या उभ्या हसत सुटला.

मालकीणबाई फोटो काढायला आल्या तेव्हा त्यांचं तोंड उतरलं. एवढं देखणं काम, भगदाड पाडून घालवलंस, असं त्या म्हणाल्या. फोटोपुरतं तरी कापड परत लाव, अशी त्यांनी गळ घातली. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. पलीकडून आत्या म्हणत होत्या, लाव गं, तासाभराचा तर प्रश्न आहे. "नको," मिस्त्री म्हणाली, "आमच्या घरी ही अशीच असते." दर्शनी खिडकीचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. ती अजून मापंच घेते. आठवडाभर तिची शीळ ऐकू आली नाही, हेही खोटं कशाला सांगू?

आत्या मात्र पुन्हा बोलू लागल्या. आता पाहुणा आधी त्यांच्याशी बोलतो, कारण दारातून शिरताच त्यांचाच चेहरा समोर दिसतो. भाजी निवडायची परात माझ्या त्या मोकळ्या कप्प्यात असते. अलीकडून आई निवडते, पलीकडून आत्या.

पाठ कापली की मांडणीचा ताठपणा जातो. मी डुगडुगू लागले, एका अंगाला कलले. ड्रायव्हरने लोखंडी पट्टी ठोकून मला भिंतीला बांधलं आहे. शेजारीण म्हणते, आता ही टाका, नवी घ्या. टाकतीलही. माझं वय झालंच आहे.

तोवर एक मागणं आहे, मित्रांनो. घर लहान असेल तर जरूर आवरा, सजवा, रंगवा. आम्हा जुन्या वस्तूंना तुमच्या हाताशिवाय कोण विचारतं? पण माझे स्क्रू ढिले झाले तर वेळीच पिळा, डोक्यावर जड बॅगा चढवू नका. आणि कुणाची जागा ठरवायची असेल तर ती त्या माणसाला विचारून ठरवा. गप्प माणसाला तर दोनदा विचारा.

आत्यांचा डोळा लागला आहे. रेडिओ हळू आवाजात चालू आहे, ड्रायव्हर यायला अजून अवकाश आहे. दार वाजेपर्यंत मी जराशी भिंतीला टेकते.