एक्केचाळीस नंबरचा पेला

मी एक पेला बोलतो आहे. स्टीलचा, उभट, साधारण पाव लिटर मावेल एवढा. माझ्या पोटावर ४१ हा आकडा कोरलेला आहे आणि बुडाला एक भोक आहे. आकड्याची हकीकत मी शांतपणे सांगू शकेन. भोकापाशी आलो की आवाज कापेल, तेवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

माझा जन्म पत्र्याच्या एका गोल चकतीतून, दाबयंत्राखाली झाला. तो दाब मला फारसा आठवत नाही. आठवते ते परभणीतील भांड्यांचे दुकान. लग्नसराई होती. एका हातयंत्राने दुकानदार ताटांवर, तांब्यांवर नवरा-नवरीची नावे घालीत होता. त्याच यंत्राने त्याने आम्हा दोनशे पेल्यांवर नुसते आकडे घातले. शेजारच्या तांब्याला सासर मिळाले, मला नंबर मिळाला. तेव्हाच मनात पहिली शंका आली, की ज्याला नाव नाही त्याला कुणी जपत असेल का?

आम्हाला विकत घेतले दत्तरावांनी. जिंतूर रस्त्यावर त्यांनी ‘गारवा’ नावाचे पाण्याच्या खेळांचे उद्यान काढले होते. घसरगुंड्या, लाटांचे तळे आणि पत्र्याच्या शेडमध्ये सरबताचे यंत्र. यंत्राला तीन तोट्या होत्या: लिंबू, संत्रे आणि जिरासोडा. एक पेला सरबत चाळीस रुपयांना; आणि दिवसभर हवे तितके प्यायचे असेल तर एकशेसाठ रुपयांचा पास. पास घेणाऱ्याला आमच्यापैकी एक पेला मिळे, तो संध्याकाळी परत करायचा.

हा भाव दत्तरावांनी फार विचार करून ठरवला होता. आपला देखरेख्या बन्सीधर याला ते पहिल्याच दिवशी समजावून सांगताना मी ऐकले.

“चौथ्या पेल्याला माणसाचं पोट नको म्हणतंय, बन्सीधर. पाच-सहा पिणारा दिवसाला एखादाच. पिऊ दे त्याला. भ्यायचं ते एका पासावर चार तोंडं पोसणाऱ्याला.”

म्हणून फलक लागला: एक पास, एक पेला, एक व्यक्ती. वाटून पिताना आढळल्यास पास रद्द, कुटुंबास बाहेर काढण्यात येईल, पेल्याचे दोनशे रुपये भरावे लागतील. फलकावर न लिहिलेली एक गोष्टही होती. जो पेला वाटला गेला, त्याच्या बुडाला सर्वांसमक्ष ड्रिलने भोक पाडायचे आणि तो दंड भरणाऱ्याच्या हाती द्यायचा. बघणाऱ्यांना जरब बसावी, हा हेतू.

बन्सीधर पोखर्णीचा. रोज मोटारसायकलने येई. स्वभावाने वाईट नव्हता, पण नजर तीक्ष्ण होती. संशय आला की तो पेला उन्हाकडे धरून काठावरचे ओठांचे डाग पाही. दोन रंगांच्या लाल्या, एखाद्या मिशीचे तेल, लहान ओठांचा अर्धा ठसा. एकापेक्षा जास्त तोंडे दिसली की ड्रिल सुरू. सत्तावीस नंबरला भोक पडले त्या दिवशी फळीवरचे आम्ही सगळेच झिणझिणलो. तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे. आणि आठवडाभर एकही पेला सापडला नाही, की दत्तराव हसत विचारीत, “काय रं बन्सीधर, झोपा काढायलास का?” तेव्हा बन्सीधरच्या तोंडचे पाणी पळे. भीती आम्हा पेल्यांनाच होती असे म्हणता येणार नाही.

पहिल्या उन्हाळ्यात शेकडो हातांत गेलो. माणसे पास घेतल्यावर तहान विसरतात, हे मी पाहिले. एक गुरुजी पैसे वसूल करण्यासाठी सहा पेले प्यायले आणि घसरगुंडीच्या पायथ्याशी पोट धरून बसले. “गुरुजी, वसूल झाले का?” असे कुणीतरी ओरडले, तरी त्यांनी मला घट्ट धरून ठेवले होते. माझे लक्ष मात्र नेहमी एकाच गोष्टीकडे असे. मला हाती घेणारा इकडेतिकडे पाहतो आहे का? पाहत असेल, तर माझे बूड गार पडे.

मग यंदाच्या वैशाखातला तो दिवस आला.

बोरी गावचा व्यंकटी, त्याची बायको शिवकन्या, सात वर्षांची मुलगी राजेश्री आणि व्यंकटीची आई सारजाबाई, असे चौघे आले होते. ऊसतोडीहून परतून त्यांना पंधराच दिवस झाले होते. सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत राहताना राजेश्रीने एकच हट्ट धरला होता, की गावी गेल्यावर पाण्याच्या बागेत न्यायचे. व्यंकटीने प्रवेशाचे पैसे भरले आणि सरबताचा एकच पास घेतला. तो पास म्हणजे मी.

सारजाबाई कपडे सांभाळत शेडखाली बसली. पत्रा इतका तापला होता की खांबाला हात लावता येत नव्हता. त्यांचा पाण्याचा कॅन दारावरच ठेवून घेतला होता. आत नळ होता. पण दुपारी त्यातून कढत पाणी येई.

शिवकन्येने मला लिंबाच्या तोटीखाली भरले आणि पदराआड धरून कपडे बदलण्याच्या खोल्यांमागे नेले. सासूलाही खुणेने तिकडे बोलावले. मी समजलो.

“आत्या, घ्या,” ती सासूला म्हणाली.

“लेकराला दे आधी.”

“ती पाण्यात हाय. घ्या तुमी.”

सारजाबाईने मान मागे टाकली, मला वीतभर उंच धरले आणि धार तोंडात सोडली. ओठ लागला नाही. नंतर शिवकन्येने तसेच केले, व्यंकटीने तसेच केले. एवढीशी राजेश्रीसुद्धा डोळे मिटून, मान वर करून प्यायली. मला ओठांची सवय झाली होती. कुणाचा स्पर्श न होता रिकामे होणे मला अगदी नवीन होते. तरीही प्रत्येक सावली सरकली की मला बन्सीधर दिसे.

दोनदा निभावले. तिसऱ्या खेपेपूर्वी सारजाबाईचा घाम अचानक थांबला. “शिवकन्ये, डोळ्यापुढं अंधारी यायलीय गं,” असे म्हणून ती शेडच्या खांबाशी कलली. शिवकन्या मला घेऊन धावली आणि नेमकी बन्सीधरसमोर आली.

“बाई, पेला द्या इकडं.”

त्याने मला उन्हाकडे धरले. काठ पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. त्यावर एकही डाग नव्हता. क्षणभर मला वाटले, वाचलो.

“पुसलाय हा तुमी,” तो म्हणाला.

“न्हाई ओ दादा. पुसू कशाला?”

“मग डाग कुठाय? सकाळधरून सरबत प्यायलात अन् काठाला एकबी ओठ न्हाई? चोरी झाकायलाच पुसतेत लोकं. मला शिकवू नका.”

शिवकन्येला खोटेपणाचा आळ सहन झाला नाही. ती ताडकन बोलून गेली, “आमी ओठ लावीतच न्हाई पेल्याला. आमच्या आत्याला उष्टं चालत न्हाई. सगळे वरूनच पितो आमी!”

“सगळे?” बन्सीधरने विचारले. “म्हंजी आत्याबी प्यायली.”

शिवकन्येने जीभ चावली. स्वतःचा खरेपणा सिद्ध करताना तिने गुन्हा कबूल केला होता. रांगेतला एकजण हसला, “वरून पेलेत, साहेब. दंडबी वरच्यावर घ्या!” पाण्यातून निथळत व्यंकटी आला. “साहेब, दंड घ्या. पण बाहेर काढू नका. पोरगी सहा महिन्यांपासून वाट बघायली.”

बन्सीधरने मागे पाहिले. दत्तरावांच्या खोलीची खिडकी उघडी होती. त्याने मला टेबलावर उपडे ठेवले आणि ड्रिलचे बटण दाबले.

त्या क्षणाचे नीट वर्णन मला जमणार नाही. आधी आवाज आला. मग बुडाच्या मधोमध एक उष्ण टोक टेकले आणि गरगर फिरू लागले. मी पळू शकत नव्हतो. पेल्याला ओरडताही येत नाही. तो फक्त वाजतो. मी वाजलो, आणि लोकांना तो ड्रिलचाच आवाज वाटला. मग माझ्या आत बाहेरचे ऊन आले. पेल्याच्या बुडातून ऊन येणे म्हणजे त्याचे पेलेपण संपणे, अशी माझी तेव्हा खात्री झाली.

“हा आता तुमचा. दोनशे रुपये भरा.”

“भरते,” शिवकन्या म्हणाली. “आधी सरबत घेऊ द्या. म्हातारी पडलीय तिकडं.”

बन्सीधरने वळून पाहिले. सारजाबाई खांबाशी आडवी झाली होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे.

“पास रद्द झालाय बाई,” तो म्हणाला. पण आवाज खाली गेला होता.

शिवकन्येने माझ्या भोकावर खालून बोट दाबले आणि मला तोटीखाली धरले. यंत्राचे बटण बन्सीधरच्या हाताशी होते. ते बंद करायला त्याला एक क्षण पुरला असता. तो खिडकीकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. मग तो दोन पावले सरकला आणि खिडकी व तोटी यांच्या मध्ये, खिडकीकडे पाठ करून उभा राहिला. त्याची मान घामाने भिजली होती. मी काठोकाठ भरलो.

सारजाबाई शुद्धीवर होती, पण मान उचलत नव्हती. पेल्याने पाजले असते तर ठसका लागला असता. शिवकन्येने सासूचे डोके मांडीवर घेतले, मला तिच्या तोंडावर धरले आणि बोट जरासे ढिले केले. थेंब पडला. तिने बोट दाबले, सारजाबाई गिळेपर्यंत थांबली, पुन्हा ढिले केले. माझ्याच जखमेतून सरबत जात होते आणि एक घोट वाया जात नव्हता. राजेश्रीने आपला ओला फ्रॉक पिळून आजीच्या कपाळावर ठेवला. मला सारखे वाटत होते, आत्ता डोळे मिटतील. बऱ्याच वेळाने सारजाबाईने स्वतः हात वर केला आणि माझा काठ बाजूला सारला. “बास,” ती म्हणाली. “ढेकर आली.”

दत्तराव बाहेर आले. “भोक पाडलं का?”

“पाडलं मालक,” बन्सीधर म्हणाला.

त्यांचे समाधान झाले. दोनशे रुपये घेतले गेले आणि चौघांना बाहेरचा रस्ता दाखवला गेला. राजेश्री रडत होती. मला तिथेच टाकतील असे वाटले, पण सारजाबाईने पिशवी उघडली. “दोनशे दिलेत. ह्यांच्यापशी कामून ठेवायचा?”

बोरीला आल्यावर दोन दिवस मी फडताळात होतो. भोकाच्या पेल्याचे काय होते, हे मला ठाऊक होते. भंगारवाल्याची हाक आली की मी अंग चोरीत असे. तिसऱ्या दिवशी महादेवाच्या देवळातली गळती फुटली. वैशाखभर पिंडीवर बारीक भोकाचे मडके टांगतात आणि देवाला ऊन लागू नये म्हणून त्यातून रात्रंदिवस थेंब पडत राहतात, ती गळती. सारजाबाई मला घेऊन निघाली.

शेजारच्या चांगुणाबाईने वाटेतच अडवले. “अगं, परभणीत शंभर जणांनी तोंड लावलं असंल ह्याला! देवावर टांगतीस?”

मी शरमलो, कारण ते खरे होते.

“राखेनं घासते, विस्तवावर धरते. धातू हाय, चोख होतोय,” सारजाबाई म्हणाली. “अन् त्याच्या भोकातनं मी जगलेय. देवाला काय होतंय?”

विस्तवाचीही मला भीती वाटली. पण तेही झाले. भोकात कापसाची वात घातली, काठाला तीन दोऱ्या बांधल्या, आणि मी पिंडीवर टांगला गेलो.

काल दुपारी देवळाबाहेर मोटारसायकल थांबली. त्या यंत्राचा आवाज मी हजारांत ओळखीन. बन्सीधर आत आला. माझे पाणी थरथरले.

“मावशी, पावतीवरचं गाव बघून आलो. बरी हाय का तब्येत?”

“हाय की. बघ, तुझं भोक कुठं टांगलंय.”

त्याने वर पाहिले. ४१ वाचला. सवयीने त्याचा हात माझ्याकडे आला, उन्हाकडे धरण्यासाठी. सारजाबाई म्हणाली, “बघ, बघ. डाग सापडला तर सांग.” त्याने हात मागे घेतला. मग खाली बसून तांब्या उचलला आणि मला भरले. भरताना तो म्हणाला, “मालकानं नवीन यंत्र आणलंय. मनगटावरची पट्टी दाखवली तरच तोटी उघडतीय. पेले सगळे भंगारात चाललेत.”

फळीवरचे माझे भाऊ! बहुतेकांना भोक नाही. ज्याला ते इतके दिवस भ्याले ते टळले, आणि जे कधी मनात आले नव्हते ते दारात उभे आहे.

वाचकहो, कुठे भंगाराच्या ढिगात आकडा कोरलेला पेला दिसला, तर कृपा करून त्याचा काठ तपासू नका. धुऊन घ्या, भरा, आणि जवळ ज्याच्या घशाला कोरड पडली असेल त्याच्या हाती द्या.

माझे म्हणाल, तर वैशाखाचे चार दिवस उरले आहेत. गळती उतरली की सारजाबाई मला फडताळात उपडा ठेवील. दिवाळीनंतर सगळे घर ऊसतोडीला जाईल, दाराला कुलूप लागेल. पुढच्या वैशाखात मला कुणी आठवील का, हे मला माहीत नाही. बन्सीधरने भरलेले पाणी अजून अर्धे आहे. ते थेंबाथेंबाने पिंडीवर पडते आहे आणि मी प्रत्येक थेंब मोजून सोडतो आहे.