लघवीत साखर, रक्तात नाही

एलिया म्वाफुलिर्वा नावेतच चक्कर येऊन पडला, असं त्याची बहीण अनेली सांगत आली आणि तिवोंगे हातातलं काम टाकून उठली. सरोवराकाठच्या त्या छोट्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासण्याचं काम तिचं. तीन आठवड्यांपूर्वी एलियाच्या लघवीत भरपूर साखर आहे, असं तिनंच लिहून दिलं होतं. रक्त तपासायच्या पट्ट्या तेव्हा संपल्या होत्या. तेवढ्यावरच म्वांगोंडे डॉक्टरांनी त्याला मधुमेहाच्या गोळ्या सुरू केल्या.

दोन भावांनी एलियाला उचलून आणलं. अंगाला दरदरून घाम, बोलणं तोंडातल्या तोंडात. आता पट्ट्या आल्या होत्या. तिवोंगेनं बोट टोचलं, तर रक्तातली साखर पार खाली गेलेली. डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं, त्याला दोन दिवस ठेवून घेतलं आणि त्या गोळ्या बंद केल्या.

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा दोन्ही तपासण्या केल्या. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित होती, लघवीतली मात्र होती तेवढीच. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या पट्ट्या खराब असतील, उन्हात राहिल्या असतील. मग तिनं त्याच डबीतल्या पट्टीवर स्वतःची लघवी तपासली. तिच्यात काहीच निघालं नाही. ते सांगायला गेली तर डॉक्टर वैतागले. बाहेर साठ माणसं ताटकळली आहेत आणि तू एका पट्टीत अडकून पडलीस, असं म्हणाले.

तिचं कशातच लक्ष लागेना. जेवायला बसली, चार घास खाल्ले आणि ताट सारलं. रक्तात जास्त नसलेली साखर लघवीत येते कुठून? दुपारी तिनं एलियाला ओसरीवरून चालताना पाहिलं. बदकासारखा डुलत, एकेक पाय उचलून टाकत होता. आणि मग तिला शिकतानाची ती आकृती आठवली. मूत्रपिंडातली बारीक नळी, तिचा साखर परत रक्तात घेणारा, अगदी सुरुवातीचा वळणावळणाचा भाग.

ती त्याच्या खाटेशी जाऊन बसली. "काका, हाडं दुखतात?"

"वर्ष झालं. कंबर, मांड्या, बरगड्यासुद्धा. जाळी ओढून ओढून झालंय."

"मग त्यावर काय घेता?"

त्यानं अनेलीला खूण केली. अनेलीनं त्याच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वेदनाशामक गोळ्या काढल्या. बाजारात सुट्या मिळणाऱ्या. रोज दोन-तीन, कधी चार. आणि एचआयव्हीची गोळी अकरा वर्षं, एकही दिवस न चुकवता.

तिवोंगे पुन्हा डॉक्टरांकडे गेली आणि या वेळी दारातच उभी राहिली. लघवीत प्रथिनंही आहेत, हाडं दुखतात, जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त पाठवून फॉस्फेट बघू या, एवढंच बोलली. डॉक्टरांनी एलियाचा कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली.

उत्तर यायला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत तिनं जुन्या वह्या काढून लघवीत साखर निघालेल्या प्रत्येकाचं नाव पाहिलं. रक्त न तपासता गोळ्या दिलेली आणखी एक बाई सापडली. सायकलवरून तिचं घर गाठलं, तर तिला खरोखरच मधुमेह होता. तिवोंगेला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

एलियाचं फॉस्फेट फारच कमी निघालं, मूत्रपिंडाचं कामही मंदावलेलं. एचआयव्हीची गोळी बदलायची, असं डॉक्टरांनी ठरवलं. एलियानं मान हलवली. त्याची बायको गोळी मिळायच्या आधीच गेली होती. ह्या गोळीमुळे मी जिवंत आहे, ती सोडणार नाही, असं तो शांतपणे म्हणाला.

तिवोंगेनं स्टूल ओढलं. "काका, तुम्ही जाळं नावेत ओतता, मग बायका त्यातून कामाचे मासे वेचून टोपलीत टाकतात ना? मूत्रपिंड तसंच करतं. आधी रक्तातलं पाणी, साखर, क्षार, सगळंच बाहेर ओततं. मग ही नळी कामाचं वेचून परत रक्तात घालते. तुमच्या नळीतले वेचणारे हात थकलेत. ही गोळी शरीराबाहेर जाते ती त्यांच्यातूनच, आणि तिथंच साठत राहिली. वर त्या दुखण्याच्या गोळ्या. हाडांना लागणारं फॉस्फेट रोज वाहून चाललंय."

"आणि ही गोळी सोडल्यावर तो आजार उसळला तर?"

"सोडायची नाही. त्याच आजारावरची दुसरी घ्यायची. एक दिवसही मोकळा जाणार नाही."

"तू मागच्या खेपेला साखर म्हणालीस, पोरी. मी मरता मरता वाचलो."

"हो," ती म्हणाली. "साखर होतीच. पण रक्त तपासल्याशिवाय गोळ्या देऊ नका, असं मी म्हणायला हवं होतं. ते मी म्हटलं नाही."

एलियानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग अनेलीला म्हणाला, "दे तिला त्या बाजारातल्या गोळ्या."

नव्या गोळीबरोबर फॉस्फेटच्या गोळ्याही सुरू झाल्या. दर पंधरवड्याला तिवोंगे त्याची लघवी तपासायची आणि पट्टीचा रंग ठरेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. दुसऱ्या महिन्यात साखर उतरली, चौथ्यात जवळजवळ गेली. हाडांचं दुखणं हळूहळू कमी झालं. मूत्रपिंडाचं काम मात्र पूर्वीइतकं आलं नाही, आणि येईलच असं डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. एलिया आता काठावर बसून जाळी शिवतो. नाव भाऊ नेतात, आणि ते चुकीच्या जागी जाळं टाकतात म्हणून तो दिवसभर चिडचिड करतो.