लेफ्टनंटचे बूट

रणगाड्यात कानठळ्या बसतील एवढी घरघर, त्यामुळे हुकूम बुटांनीच चालत. लेफ्टनंट ग्लेब वर बुरुजात बसायचा, त्याचे पाय खाली चालक लाव्रेनच्या पाठीशी. डाव्या खांद्यावर बूट दाबला की डावीकडे, उजव्या खांद्यावर दाबला की उजवीकडे, आणि डोक्यावर टेकला की जागीच थांबायचं.

"काका, तुझा लगाम माझ्या टाचेत आहे हं," विशीतला ग्लेब चिडवायचा.

"असू दे. पण अस्ताप दिसला की लगाम सोड."

"त्या दिवशी दोन्ही पाय वर घेईन. शब्द दिला."

अस्ताप हा लाव्रेनचा शेजारी. जर्मन आले तसा हा हलकट त्यांचा पोलीस झाला. लाव्रेनची बायको आणि आई गवताच्या कोठारात कोंडल्या गेल्या, तेव्हा बाहेरून अडसर घातला तो यानेच, आणि काडीही यानेच लावली. युद्ध कोण जिंकतंय याच्याशी लाव्रेनला काही देणंघेणं उरलं नव्हतं. त्याला अस्ताप हवा होता.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात बेलारूस परत घेत घेत ते त्याच्याच गावाजवळ पोचले. दलदलीतल्या बांधावरून शत्रूच्या घोडागाड्या पळत होत्या. त्यातल्या एकीला लाव्रेनची स्वतःची घोडी जुंपलेली, वर अस्ताप. रणगाडा बघताच त्याने उडी टाकली आणि चरात आडवा झाला. चरावर चढून रणगाडा गरगर फिरवायचा आणि आतला माणूस चिरडायचा, याला रणगाडेवाले इस्त्री म्हणत. लाव्रेनने आज मन लावून इस्त्री करायचं ठरवलं.

चर अगदी तोंडाशी आला आणि डोक्यावर बूट टेकला. सवयीच्या हातांनी दांडे मागे ओढले, रणगाडा थांबला, घरघर मंदावली.

शब्द फिरवला पोराने. लाव्रेनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने समोरचं झाकण ढकललं. चिखलाने माखलेला अस्ताप हात वर करून उभा राहत होता.

"लाव्रेन? तू होय! थांबलास रे बाबा. शेजारधर्माला जागलास."

तेवढ्यात तोफ भरणारा गालिम मागून ओरडला, "काका, ग्लेब गेला! डोकं बाहेर काढलं आणि गोळी लागली."

लाव्रेनने डोक्यावरचा बूट चाचपला. पाय सैल लोंबत होता. पोराने शब्द फिरवला नव्हता.

"मी नाही थांबलो, अस्ताप," तो म्हणाला आणि त्याने झाकण लावून घेतलं. मग ग्लेबचे दोन्ही पाय हलकेच उचलून त्याने वर सारले, पोराने कबूल केलं होतं तसे, आणि रणगाडा पुढे घेतला.