एका अक्षराचा संशय

सोपानरावांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला आणि आवाज खाली आणून विचारलं,

"मॅडम, पोर कुठं हाय?"

"अंकिता? बालवाडीत आहे. बोलावते."

"अंकिता न्हाई. तिचं पोर."

थॉमस मॅडम नुसत्याच बघत राहिल्या. शिरूरच्या या मुलींच्या वसतिगृहात त्यांची हयात गेली होती. मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र मध्येच इंग्रजीवर घसरायच्या. सोपानरावांना वाटलं, बघा, कशी बोबडी वळली बाईंची.

गेल्याच आठवड्यात ते आपल्या मुलासाठी, रविराजसाठी, मुलगी बघायला इथं आले होते. लहानपणापासून इथंच वाढलेली, इथल्याच बालवाडीत शिकवणारी अंकिता पोराला आधीच आवडली होती. त्यांनाही पसंत पडली. निघताना फाटकाशी मॅडमनी तिचं कौतुक केलं आणि एसटीच्या हॉर्नच्या गोंगाटात पुढं काहीतरी पुटपुटल्या. हॅड, चाइल्ड, वन्स. एवढंच ऐकू आलं, पण घरी दौंडला त्यांना घास गिळवेना. जन्मभर रेल्वेत गार्ड. कॉलनीत कुणाला इंग्रजी कागद वाचून हवा असला की लोक त्यांचंच दार वाजवायचे. त्यांच्या ऐकण्यात चूक? शक्यच नाही. बायकोला, साखरबाईला, त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. आणि आज आत येताना तर अंकिताच्या कडेवर एक शेंबडं पोर दिसलं. नाकही थेट तिच्यासारखंच वाटलं त्यांना.

"तुम्हीच म्हणालात की. शी हॅड चाइल्ड वन्स."

मॅडमच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. आलेलं हसू त्यांनी पदराआड दाबलं.

"चाइल्ड नाही हो, चाइड. आय हॅड टू चाइड हर वन्स."

मराठी शब्द सुचेना. मग त्यांनी समोर कुणी असल्यासारखं बोट नाचवून दटावलं आणि तोच हात त्या नसलेल्या गालावरून फिरवला.

सोपानरावांच्या इंग्रजीत सिग्नल होता, ब्रेक होता, फाइन होता. हे क्रियापद नव्हतं. कान तापले. पण एकदा शिरलेला संशय असा लगेच जातो थोडाच?

"कशापायी रागावलात?"

"दर रविवारी चांगला फ्रॉक घालून फाटकाशी उभी राहायची. सगळ्यांना सांगायची, बाबा न्यायला येणार. वडील तर सोडून गेले, ते गेले. मग लहान मुली पण तिच्याबरोबर उभ्या राहायला लागल्या. म्हणून बोलले, असं खोटं बोलू नये. परत कधी उभी राहिली नाही." त्या थांबल्या. "नसते बोलले, तर बरं झालं असतं."

तेवढ्यात अंकिता दाराशी आली. सगळं ठरल्यावर सासरा एकटाच, न कळवता परत का येतो, हे न समजायला ती काही दूधखुळी नव्हती.

"आबा, नको म्हणायला आलात का?"

व्हरांड्यातल्या पोरींची कुजबुज थांबली. सोपानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटच्या पोरीलाही ऐकू जाईल अशा बेतानं ते म्हणाले,

"न्हाई बाय. न्यायला आलोय. तुझ्या सासूनं जेवाया बोलावलंय."

साखरबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

अंकिता पिशवी आणायला म्हणून आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.